एका बोटावरचं स्टिअरिंग

मी कटरेजींच्या गाडीच्या पॉवर स्टिअरिंगच्या डबीत ब्रेकचं तेल ओतलं.

एवढं एकच वाक्य लिहून खाली सही केली, तरी आमच्या गल्लीत माझी ओळख पुरी होते. गोंदियात माझा छोटा छापखाना आहे. लग्नपत्रिका, बारशाची कार्डं, दुकानांची बिलबुकं छापतो, म्हणून लोक मला ‘प्रेसवाले’ म्हणतात. परवा एक गृहस्थ मुलीच्या लग्नाची पत्रिका ठरवायला आले. नमुने पाहिले, कागद बोटांत चुरून पाहिला, आणि उठता उठता हळूच विचारलं, ‘‘मशीनमध्ये शाई तुम्हीच ओतता, की दुसरं कोणी आहे?’’

बातमी कुठवर गेली आहे ते मला तेव्हा कळलं.

पण माझ्या फजित्या काय, रेशनच्या तांदळासारख्या दर महिन्याला येतात. कटरेजी मात्र एकच.

गेंदलालजी कटरे आमच्या समोरच्या घरात राहतात. सत्तरी ओलांडली आहे, पण पोती उचलून उचलून मनगट बाभळीच्या बुंध्यासारखं झालेलं. उभा जन्म धानाच्या दलालीत गेला. आमगावपासून अर्जुनी मोरगावपर्यंत कुठल्याही बाजारात जायचं, पोत्यात कोपरापर्यंत हात घालायचा, तळाचा एक दाणा काढून दाताखाली फोडायचा आणि डोळे मिटून निकाल द्यायचा, ‘‘ओलं हाये. अजून ऊन दाखवा.’’ दलाली सोडून बरीच वर्षं झाली, पण सवय सुटली नाही. पूर्वी धान चावायचे, आता गाडी चावतात. म्हणजे दात लावत नाहीत, एवढंच.

त्यांच्या दारात एक जुनी पांढरी मोटार उभी असते. तिचं पॉवर स्टिअरिंग जड झालं होतं, आणि ते हलकं करणं हे कटरेजींनी आयुष्याचं काम म्हणून हातात घेतलं होतं. हलकं म्हणजे किती? तर ‘‘एका बोटावर फिरलं पायजे, भाऊ. एका बोटावर.’’ हे सांगताना ते तर्जनी अशी वर धरत, की पाहणाऱ्याला वाटावं आता गोवर्धनच उचलतात.

गंमत पुढेच आहे. या माणसाला गाडी चालवता येत नाही.

मी नवीन शेजारी होतो, तेव्हा मला हे खरं वाटेना. विचारलं तर छाती काढून म्हणाले, ‘‘मी चालवत नाई. मी बसतो. बसनं बी एक काम होय, भाऊ. ज्याले नीट बसता येत नाई, तो चालवनाऱ्याले तरास देते.’’

आणि ते बसतातही कसे! चालकाच्या शेजारी, डावीकडे. गाडीत शिरण्याआधी चपला बाहेर काढतात, देवळाबाहेर काढाव्यात तशा, आणि पायपुसणं बाजूला सारून अनवाणी तळपाय गाडीच्या पत्र्यावर टेकवतात. गाडी तळपायातून बोलते, असं त्यांचं मत. कान फसवतात, डोळे फसवतात, मेकॅनिक तर फसवतोच. तळपाय फसवत नाहीत. मग डोळे मिटून ते म्हणतात, ‘‘फिरवा.’’

फिरवणारा मी.

ही नेमणूक कशी झाली तेही सांगतो, कारण तिचा मला पुढे फार गर्व झाला. आम्ही इथे राहायला आलो त्याच आठवड्यात कटरेजी घरी आले. नमस्कार केला नाही, हात पुढे केला. मी हात दिला, तो त्यांनी सोडलाच नाही. अंगठ्याच्या मुळाशी दाबला, मनगट वळवून पाहिलं, आणि म्हणाले, ‘‘दाबा. जोर लावून दाबा.’’ मी जोर लावला. ‘‘लावून राह्यले का?’’ त्यांनी विचारलं. ‘‘लावतोय की,’’ मी म्हणालो. त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरलं, की मनातलं धान मनातल्या भावात मिळालं असावं.

‘‘बढिया!’’ ते म्हणाले. ‘‘सकाळी ट्रायलले येजा.’’

हात पाहून माणसाची पारख करणारा जुना जाणकार आपल्याला भेटला, असं मी त्या दिवशी बायकोला सांगितलं. मंदा तेव्हा लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडत होती. आमच्या घरात बरण्यांची झाकणं तीच उघडते. तिनं बरणीकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे.

तर आमच्या ट्रायली सुरू झाल्या. घरून निघायचं, नागऱ्याच्या महादेवाच्या देवळापर्यंत जायचं, पटांगणात गाडी डावीकडे-उजवीकडे पुरी वळवायची आणि परत. रस्ता सरळ आणि दोन्ही अंगांना धानाच्या बांध्या, त्यामुळे चूक झालीच तर चिखलात होईल, हा त्यातला फायदा. पण कटरेजींचे कायदे विचित्र होते. पहिला कायदा, स्टिअरिंग एकाच हातानं धरायचं, उजव्या. ‘‘डावा हात मांडीवर ठेवा, भाऊ. तो हाय म्हनून इसरून जा.’’ दुसरा कायदा त्याहून भयंकर. गियर मी टाकायचा नाही. मी क्लच दाबायचा, आकडा बोलायचा, आणि गियर टाकणार कटरेजी, डावीकडून, स्वतःच्या हातानं.

‘‘काऊन पण, काकाजी?’’ मी पहिल्या दिवशी विचारलं. इथे राहून माझ्याही तोंडात काऊन-कायले येऊ लागलं आहे.

‘‘तुमी स्टेरिंगवर ध्यान द्या. दोन कामं एकदम केली का हाताले कोनतं जड लागते ते समजत नाई.’’

हे मला फार शास्त्रीय वाटलं. मी चालवतोय, ते गियर टाकताहेत, चुकीचा पडला की गाडी शिंगरासारखी उडी मारते आहे, आणि रस्त्यानं सायकलवर जाणारे लोक थांबून बघताहेत. एका ओळखीच्यानं तर छापखान्यात येऊन विचारलं, ‘‘हात मोडला का हो? आणि असा मोडका हात घेऊन त्या म्हाताऱ्याला गाडी कशाला शिकवता?’’

आम्ही परत येऊन गाडी लावली, की समोरच्या ओसरीवरून प्रश्न यायचा, ‘‘आज काय निघालं?’’

हा आवाज मॅडमचा. कटरेजींच्या पत्नी. आमगावच्या बाजूला एका खेड्यातल्या शाळेत त्या मुख्याध्यापिका होत्या. सगळं गाव त्यांना मॅडम म्हणतं आणि कटरेजीही मॅडमच म्हणतात. आम्ही इथे येण्याच्या आधी त्यांना लकवा मारून गेला होता. पाय परत आला, तोंड परत आलं. ‘‘तोंड तं आधी आलं,’’ असं कटरेजी सांगतात. डावा हात मात्र उशीवर ठेवलेला असायचा, कुणी गावाला जाताना सांभाळायला देऊन गेल्यासारखा. ओसरीवर त्यांच्यासमोर शिलाई मशीन होतं, पण नुसता सांगाडा. वरचं मशीन नाही, खालचा पायटा तेवढा. मॅडम दिवसभर डाव्या पायानं तो दाबत बसायच्या. खटक, खटक. मला आधी वाटलं, या घरात शिलाईचं काम घेतात. मी एकदा पायजमा उसवला होता तो घेऊनही गेलो होतो. मॅडमनी पायजम्याकडे पाहिलं, मशीनच्या जागी असलेल्या भोकाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, ‘‘यातून टाका, प्रेसवाले. खालून निघाला की घेऊन जा.’’

असो. निदानाकडे येऊ.

कटरेजींचं निदान वैद्यासारखं चालायचं. आधी प्रश्न. ‘‘जड कवा लागते? उभी असताना का चालताना? डावीकडं का उजवीकडं? थंडी असताना का गरम झाल्यावर?’’ मी उत्साहानं सांगायचो, ‘‘सगळीकडे, सगळ्या वेळी.’’ ते मान हलवायचे. ‘‘असं नसते, भाऊ. दुखनं कुठंतरी बसूनच रायते. त्याची जागा पाहाव.’’

पहिल्यांदा त्यांनी चाकांतली हवा पाहिली. गॅरेजवाले रज्जूभाई हसले. ‘‘काकाजी, पावर स्टेरिंग की बीमारी है, हवा का क्या लेना-देना?’’ कटरेजी म्हणाले, ‘‘उपाशी बैलाले आधी चारा टाकाव, मंग त्याचे पाय पाहाव.’’ पुढची दोन्ही चाकं खरंच बसलेली होती. हवा भरली आणि स्टिअरिंग बरंचसं हलकं झालं. रज्जूभाईंनी कपाळाला हात लावला, कारण ही गाडी दोनदा त्यांच्याकडून होऊन गेली होती.

मग आवाज राहिला. गाडी वळवली की पुढून कण्हल्यासारखं व्हायचं. मी इंजिनावर वाकून, कमरेवर हात ठेवून निकाल दिला, ‘‘बेल्ट ढिला आहे.’’ हे मी कुठेतरी ऐकलं होतं. मी स्वतः पाना घेऊन बेल्ट आवळला, इतका की गाडी सुरू होताच शिट्टी मारू लागली. आता कण्हणंही होतं आणि शिट्टीही. गल्लीतली कुत्री उठून बसली. ‘‘चिरकनं येगळं, कण्हनं येगळं,’’ कटरेजी शांतपणे म्हणाले. ‘‘बेल्ट चिरकते. पंप कण्हते. आमची हे कण्हून राह्यली. तुमी तिले चिरकाले बी शिकवलं.’’

मग त्यांनी डबीचं झाकण काढलं, तेलात बोट बुडवलं, दोन बोटांत चोळलं, वास घेतला. तेलावर फेस होता, ताकावर असतो तसा. ‘‘हवा गिळून राह्यली हे. कुठूनतरी नळी ढिली हाये.’’ नळी सापडली, तिचा पट्टा बदलला, आणि आत शिरलेली हवा काढायचं काम माझ्याकडे आलं. पुढची चाकं उचललेली, गाडी बंद, आणि मी स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत घुसळतोय. कटरेजी डबीवर वाकून बुडबुडे बघताहेत. ‘‘अजून येऊन राह्यले. घुसळा. लोनी निघेपर्यंत घुसळा.’’ त्या रात्री मला भाकरीचा तुकडा मोडता येईना. मंदानं मोडून दिला. कण्हणं मात्र थांबलं.

आता एकच दुखणं उरलं. गाडी गरम झाली, की डावीकडे वळताना स्टिअरिंग अडून बसायचं. एका बोटावर नाही, एका हातावरही नाही. मला दुसरा हात चोरून लावावा लागायचा आणि कटरेजी तो डोळे मिटूनही ओळखायचे. रज्जूभाईंचं म्हणणं, स्टिअरिंगचा बॉक्स उघडावा लागेल. कटरेजी ऐकेनात.

‘‘पोट फाडाचं नाई.’’

‘‘काकाजी, खोले बिना कैसे पता चलेगा?’’

‘‘फाडल्यावर सामान नाई भेटलं तं? तुमच्या इथं पडून राहीन ते दिवाळीपर्यंत. मले धान याच्या आत पायजे.’’

हे ‘धान याच्या आत’, म्हणजे नवं धान येण्याआधी, मी रोज ऐकत होतो. दिवाळीला त्यांचा मुलगा पुण्याहून येणार होता आणि गाडी विकायची म्हणत होता. ओसरीवर फोन मोठ्यानं लावून बोलणं चालायचं, ते आमच्या घरात ऐकू यायचं. ‘‘पप्पा, काढून टाका ती. आता चालवणार कोण?’’ कटरेजी फोन मॅडमकडे द्यायचे. मॅडम नातवाचा अभ्यास विचारायच्या. म्हणून मुलगा येण्याच्या आत, हे मला समजत होतं. पण धानाचा आणि स्टिअरिंगचा काय संबंध? मी समजलो, जुन्या माणसाचं कॅलेंडरच धानाचं असतं.

अशात अर्जुनी मोरगावला त्यांच्या चुलत भावाची तेरवी निघाली. काही दिवस तिकडे राहावं लागणार होतं. मॅडमकडे मंदा बघणार होती, गाडीकडे मी. निघताना कटरेजींनी मला धानाच्या कोठीत नेलं, फळीवरची स्टिअरिंगच्या तेलाची बाटली हातात धरून दाखवली आणि म्हणाले, ‘‘डबीत तेल उतरलं असंन तं घोटभर घालजा. हेच. दुसरं नाई.’’

‘‘काकाजी, मी काय लहान आहे का?’’ मी म्हणालो.

जो माणूस दिवसभर दुसऱ्यांच्या पत्रिकांमधले काने-मात्रे तपासतो, ज्यानं ‘चि.’ आणि ‘चि.सौ.कां.’ यांत कधी गल्लत होऊ दिली नाही, त्यानं दुसऱ्या दिवशी फळीवरून हाताला लागली ती बाटली घेतली आणि तिच्यावरचं नाव न वाचता डबीत ओतली. घोटभर नाही, डबी भरेपर्यंत. शेजाऱ्याच्या वस्तूत कंजूषपणा करू नये, असा माझा स्वभाव आहे. मग रोज गाडी काढली. मंदाला नागऱ्याला दर्शनाला नेलं. पटांगणात एका बोटानं स्टिअरिंग फिरवून दाखवायला गेलो, ते फिरलं नाही, तर तिला म्हणालो, ‘‘बोटाला घाम आहे.’’

कटरेजी परत आले त्या सकाळी गाडीखाली तेलाचं थारोळं होतं. ते चपला काढून डावीकडे बसले, तळपाय टेकवले. ‘‘फिरवा.’’ मी फिरवलं. म्हणजे फिरवायचा प्रयत्न केला. जात्यात खडा अडकावा तसं ते अडलं. कटरेजी खाली उतरले. डबीत बोट घातलं, चोळलं, वास घेतला. मग कोठीत गेले आणि ब्रेकच्या तेलाची रिकामी बाटली घेऊन बाहेर आले. माझ्याकडे पाहिलं. पोत्यात वरून चांगलं धान आणि तळाला पोचट पळंज भरणाऱ्या माणसाकडे ते बाजारात असं बघत असणार.

मी शिव्यांची तयारी ठेवली होती. त्या आल्या नाहीत. त्यांनी चपला पायात घातल्या आणि चपला घालूनच गाडीत जाऊन बसले. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. समोरच्या काचेतून पाहत, मला नाही, काचेला म्हणाले, ‘‘धान पिवळं पडून राह्यलं, भाऊ.’’

ओसरीवरचा पायटा थांबला होता.

आता बॉक्स उघडण्यावाचून इलाज नव्हता. ब्रेकच्या तेलानं आतली रबरं भिजलेल्या चण्यासारखी फुगली होती. रज्जूभाई मला पाहून म्हणाले, ‘‘अच्छा हुआ, भैयाजी. काकाजी महीने भर से सोच रहे थे, आपने एक बाटली में फैसला कर दिया.’’ कटरेजी रोज सकाळी गॅरेजमध्ये जाऊन एका पालथ्या डब्यावर बसायचे, ऑपरेशनच्या खोलीबाहेर बसतात तसे. मीही जायचो. मला कुणी बोलावत नव्हतं आणि कुणी जा म्हणत नव्हतं. सामान नागपूरहून यायचं होतं. जाता-येता हलकी, म्हणजे लवकर पिकणारी धानं कापणीला आलेली दिसत होती, आणि कटरेजी तिकडे पाहायचं टाळत होते. धानाच्या माणसानं धानाकडे पाठ फिरवलेली मी तेव्हा पाहिली.

बॉक्स उघडला, तेव्हा आत एक जुनं रबर निघालं. बाकीची माझ्या कृपेनं फुगलेली, हे मात्र झिजून, वाळून चिंचेच्या टरफलासारखं झालं होतं. गरम झाल्यावर डावीकडे अडायचं ते याच्याचमुळे. माझा चेहरा उजळला. ‘‘म्हणजे, मी तेल ओतलं म्हणून खरं दुखणं सापडलं की नाही?’’

रज्जूभाई हात पुसत म्हणाले, ‘‘हाँ. घर जला, तो खोया हुआ चम्मच मिल गया.’’

कटरेजी हसले. कितीतरी दिवसांनी. मला तेवढं पुरलं.

सामान आलं, बसलं, तेल भरलं. ते कटरेजींनी स्वतः भरलं आणि मला हात मागे बांधून उभं राहायला सांगितलं. मी स्टिअरिंगवर बसलो, एक बोट टेकवलं. फिरलं. डावीकडे, उजवीकडे, परत डावीकडे. मी ओरडलोच. कटरेजींनी डोळे उघडले नाहीत. तळपाय उचलून पुन्हा टेकवले, गाडीचं ऐकण्यात चूक तर होत नाही ना, हे पाहावं तसे. ‘‘उद्या आखरी ट्रायल,’’ ते म्हणाले. ‘‘नागऱ्याले नाई. मिलमंधी.’’

आमगाव रोडला त्यांच्या पुतण्याची भाताची मिल आहे. मिलसमोर धान वाळवायचं मोठं सिमेंटचं अंगण. धान येण्याआधी ते रिकामं असतं, अंगण कसलं, छोटं विमानतळच. एकदा धान आलं की मग पाय ठेवायला जागा नाही. पार उन्हाळ्यापर्यंत पोती आणि ढीग. तिथे पोचलो तेव्हा माझ्या डोक्यात पहिल्यांदा उजेड पडू लागला, आणि तो पूर्ण पडायच्या आत मागच्या सीटचं दार उघडलं.

मॅडम मागे बसल्या होत्या. खळ घातलेली सुती साडी, खांद्याला पर्स, शाळेत निघाल्यासारख्या. मला वाटलं होतं, हवा खायला आल्या आहेत. त्या उतरल्या, सावकाश गाडीला वळसा घालून माझ्या दारापाशी आल्या आणि म्हणाल्या, ‘‘उठा, प्रेसवाले.’’

मी उठलो. त्या बसल्या. सीट पुढे ओढायला कटरेजी धावले. आरसा त्यांनीच वाकवला, आणि वाकवताना विचारावंही लागलं नाही किती. मॅडमचा डावा हात उचलून त्यांच्या मांडीवर ठेवला. मग पलीकडून येऊन, चपला काढून, आपल्या जागी बसले. मी मागच्या सीटवर, जिथून मला दोन पांढरी डोकी दिसत होती.

‘‘क्लच,’’ मॅडम म्हणाल्या, आणि शिलाई मशीनच्या पायट्यावर सरावलेला तो डावा पाय खाली गेला. ‘‘पहिला.’’

कटरेजींनी गियर टाकला. अलगद. माझ्या ट्रायलीत एकदाही पडला नाही इतका अलगद.

गाडी निघाली. अंगणाच्या टोकाशी मॅडमनी एका हातानं स्टिअरिंग फिरवलं. एका बोटावर नाही, पण त्यांचा तो एक हात त्याला पुरला. गाडी वळली. पुन्हा टोक, पुन्हा वळण. ‘‘दुसरा,’’ मॅडम म्हणाल्या. दुसरा पडला. ‘‘हळू. गियर टाकायचा आहे, खुंटा नाही ठोकायचा.’’

‘‘हो मॅडम,’’ कटरेजी म्हणाले.

फेऱ्या मारता मारता ते मला मागे न पाहता सांगत होते. ‘‘मी शिकलो होतो, भाऊ. पैल्याच दिवशी तनसाच्या ढिगात घातली. मॅडम म्हनल्या, एक तं तुमी चालवा, नाई तं मी. मी म्हनलं, तुमीच चालवा. मंग मॅडमच आमाले बाजार बाजार घेऊन जाये. शाळा सुटली का इकडं. मी धान पाहो, हे गाडीत बसून शाळेतल्या पोट्ट्यायचे पेपर तपासे. भाव पटला नाई का मी येऊन इथं बसो, हे म्हने, चला. इतके वर्सं बसलो, भाऊ, इथं. मंग मॅडमची जागा रिकामी झाली. दुसरं कोनी तिथं बसलं का मले गाडीतलं काईच ऐकू येत नव्हतं, म्हनून तळपाय टेकवून पाहो.’’

गाडी पुन्हा वळली. कटरेजींचे तळपाय पत्र्यावर टेकलेले होते, आणि त्या दिवशी ते कसलंही निदान करत नव्हते. नुसते बसले होते.

मला गप्प बसता आलं असतं. पण माझा स्वभाव तुम्हाला आता ठाऊक झाला आहे. मी पुढे वाकलो आणि म्हणालो, ‘‘एक मात्र मानलं पाहिजे, काकाजी. एवढी गल्ली पडली आहे, पण या कामाला तुम्ही माझाच हात निवडला. पहिल्याच दिवशी ओळखला. हात पाहूनच कळतं ना, चालवणारा कसा आहे ते?’’

कटरेजी खिडकीबाहेर बघू लागले. त्यांची मान लाल झाली.

मॅडमनी गाडी थांबवली. आरशात माझ्याकडे पाहिलं, वर्गात मागच्या बाकावर बघतात तसं.

‘‘प्रेसवाले,’’ त्या म्हणाल्या, ‘‘यांनी गल्लीतल्या एकेका माणसाचा हात दाबून पाहिला. माझ्या या उरलेल्या हातापेक्षाही मरतुकडा एकच निघाला.’’